अपडेटनंतर लॅपटॉपचा माऊस गोठला? लिनक्सवर काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट केलं, लॉगिनचा पडदा नेहमीसारखा आला आणि बाण मात्र मधोमध ढिम्म. किंवा त्याहून वैताग आणणारा प्रकार: थोडा वेळ छान चालतो, मध्येच गोठतो, झाकण लावून उघडलं की परत शहाण्यासारखा वागतो. लिनक्सवर नव्याने आलेल्या माणसाला अशा वेळी दोनच गोष्टी सुचतात. एक तर सगळं पुसून नव्याने टाकायचं, नाहीतर विंडोजवर परत जायचं. दोन्हींची गरज सहसा पडत नाही.

या दुखण्यावर नेटवर उपाय ढिगाने आहेत. अडचण क्रमाची असते. सापडतील त्या कमांड एकामागून एक मारल्या की कशाने बरं झालं ते कळत नाही आणि जाता जाता नवं काय मोडलं तेही कळत नाही. म्हणून आधी बिघाड कुठे आहे ते ठरवायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

हा लेख उबुंटू आणि लिनक्स मिंट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. फेडोरा किंवा आर्च वापरत असाल तर तर्क तोच, कमांड थोड्या वेगळ्या. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या. पहिली तीन-चार अक्षरं टाकून टॅब दाबलात तर फाईल, ड्रायव्हर आणि पॅकेजची लांबलचक नावं बहुतेक वेळा आपोआप पूर्ण होतात. स्पेलिंगच्या चुकांवर याच्याइतका चांगला उपाय नाही.

हाताशी काय हवं

- साधा वायरचा यूएसबी माऊस. शेजाऱ्याकडून मागून आणला तरी चालेल.
- इंटरनेट असलेला मोबाईल, एरर मेसेजचे फोटो काढायला आणि शोधायला.
- लॅपटॉपचा चार्जर आणि शक्यतो अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लग पॉइंट.
- तुमचा लॉगिन पासवर्ड. सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारा शब्द, तोच मागतो आणि टाइप करताना पडद्यावर बऱ्याचदा एकही ठिपका दिसत नाही. काही उमटत नाही म्हणून थांबू नका, टाइप करून एंटर दाबा.
- जमल्यास लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणारं, उबुंटू किंवा मिंट असलेला पेनड्राइव्ह.

१. नक्की गोठलंय काय? माऊस की अख्खं मशीन?

हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? मग सुपर की दाबा, म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण. मेनू उघडला तर मशीन ठणठणीत आहे, फक्त माऊस किंवा टचपॅड गेलंय. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे.

दिवाही हलत नाही, घड्याळही थांबलंय, गाणं चालू असेल तर तेही अडकलंय, असं असेल तर माऊस बिचारा निर्दोष आहे. पडदा रंगवणारा भाग किंवा खुद्द कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा लिनक्सचा गाभा, अडकलाय. एन्व्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर पहिला संशय त्याच्या ड्रायव्हरवर घ्या. कर्नल बदलला की हा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो आणि ते काम अर्धवट राहिलं की असे प्रकार होतात. पायरी ४ मधली जुन्या कर्नलची चाचणी इथेही उपयोगी पडते.

पूर्ण गोठलेलं मशीन पॉवर बटण दाबून धरून बंद करण्याआधी एक सभ्य मार्ग आहे. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरा आणि सावकाश, मध्ये दोन-तीन सेकंद सोडून, एस, यू, बी ही अक्षरं दाबा. एसने डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून होतं, यूने डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते, बीने मशीन रीस्टार्ट होतं. काही लॅपटॉपवर यासोबत एफएन बटणही धरावं लागतं. नेटवर याच्या आधी आर, ई, आय अशी आणखी तीन अक्षरं सांगितलेली दिसतील. उबुंटूच्या मूळ सेटिंगमध्ये ती बंद असतात, त्यामुळे ती चालली नाहीत तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

२. माऊसशिवाय हिंडायची सोय करा

वायरचा माऊस लावून तो चालला तर ही पायरी सोडून द्या. शिवाय एक मोठी गोष्ट कळली: बिघाड टचपॅडपुरता आहे.

माऊस नसेल तर:

- टर्मिनल उघडायला कंट्रोल, ऑल्ट, टी.
- खिडक्या बदलायला ऑल्ट आणि टॅब. खिडकीच्या आत फिरायला टॅब आणि बाणाच्या कळा, निवडायला स्पेस किंवा एंटर.
- राइट क्लिकसाठी शिफ्ट आणि एफ१०.
- काहीच उघडत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट, एफ३. काळा पडदा येतो, तिथे नाव आणि पासवर्ड देऊन कमांड चालवता येतात. परत यायला उबुंटूवर कंट्रोल, ऑल्ट, एफ२ आणि मिंटवर एफ७.

सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागात ‘माऊस कीज’ नावाची सोय असते. ती चालू केली की उजवीकडच्या नंबरपॅडने बाण हलवता येतो. हळू चालतो, पण एखादं बटण दाबायचंच असेल तेव्हा जीव वाचवतो. लहान लॅपटॉपला नंबरपॅडच नसतो, तिथे या वाटेचा नाद सोडा.

३. आधी साध्या गोष्टी

कंटाळवाण्या वाटतील, पण त्या तपासल्याशिवाय कर्नलच्या मागे लागू नका.

टचपॅड बंद करायचं बटण बहुतेक लॅपटॉपवर फंक्शन कीजच्या रांगेत असतं. टचपॅडचं छोटं चित्र आणि त्यावर आडवी रेघ अशी खूण शोधा. अपडेटच्या गडबडीत ते दाबलं गेलेलं असू शकतं. दाबून बघा, मग एफएन धरून दाबून बघा.

सेटिंग्जमध्ये ‘बाहेरचा माऊस असेल तर टचपॅड बंद ठेवा’ अशा अर्थाचा पर्याय काही डेस्कटॉपवर असतो. वायरलेस माऊसचा टिचभर रिसीव्हर मागच्या पोर्टला विसरून राहिलेला असतो, माऊस बॅगेत आणि टचपॅड बंद. रिसीव्हर काढून बघा.

पूर्ण बंद करा. रीस्टार्ट चालणार नाही. टचपॅडमध्ये स्वतःची एक चिप असते आणि रीस्टार्टमध्ये तिचा वीजपुरवठा तुटेलच असं नाही. शटडाऊन करा, चार्जर काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग सुरू करा. त्याच लॅपटॉपवर विंडोजही असेल तर तिथला ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. तो चालू असला की विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि काही भाग विचित्र अवस्थेत लिनक्सच्या हाती येतात.

चार्जर लावल्यावरच बाण थरथरतो किंवा अडकतो का? मग चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. टचपॅड बोटाच्या विद्युतभारावर चालतं. जुन्या वाड्यांत, चाळींत अर्थिंगचा पत्ता नसतो किंवा आपणच तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचं अडॅप्टर जोडलेलं असतं. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर हात फिरवला की बारीक झिणझिण्या येतात ते हेच. अशा ठिकाणी अपडेटला दोष देऊन उपयोग नाही.

आता ही सूचना गंभीरपणे घ्या. टचपॅड दाबायला कडक लागतंय, एका बाजूने वर आलंय, लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही, असं काही दिसलं तर बॅटरी फुगलेली असू शकते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती टचपॅडच्या बरोबर खाली असते. मशीन बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. फुगलेल्या बॅटरीशी स्वतः खेळायचं नाही.

शेवटचं म्हणजे, अपडेट चालू असताना लाइट गेली होती का? लॅपटॉपची बॅटरी म्हातारी असेल तर तोही तिथेच बंद पडतो आणि पॅकेजं अर्धवट राहतात. टर्मिनलमध्ये हे चालवा:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

काही अर्धवट असेल तर ते पूर्ण होईल, नसेल तर गुपचूप परत येईल. दोन्हीत तोटा नाही.

४. जुन्या कर्नलवर जाऊन बघा

इतर सगळ्या पायऱ्या विसरलात तरी ही विसरू नका. उबुंटू आणि मिंट नवा कर्नल टाकताना आधीचा पुसत नाहीत. तो बाजूला ठेवलेला असतो आणि मशीन सुरू होताना निवडता येतो. त्यावर माऊस चालला तर गुन्हेगार नवा कर्नल आहे. तिथेही गोठला तर कर्नल सुटला आणि संशय सेटिंग्ज, दुसरं एखादं पॅकेज किंवा हार्डवेअरवर गेला. पाच मिनिटांच्या या एका चाचणीने शोध अर्ध्यावर येतो.

‘पण मी कर्नल अपडेट केलाच नव्हता’ असं बरेच जण म्हणतात. उबुंटूवर सुरक्षेची अपडेट पाठीमागे आपोआप उतरतात आणि त्यात कर्नलही असतो. नवा कर्नल रीस्टार्ट केल्याशिवाय लागू होत नाही. त्यामुळे तो उतरतो सोमवारी आणि माऊस गोठतो शुक्रवारी, मशीन पुन्हा सुरू केल्यावर. शिवाय उबुंटूची आवृत्ती तीच राहिली तरी कर्नल मोठी उडी मारतो. २४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये आली तेव्हा तिच्यात ६.८ कर्नल होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये २४.०४.२ सोबत ६.११ आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २४.०४.३ सोबत ६.१४. वरून बघणाऱ्याला मात्र हे ‘नेहमीचंच अपडेट’ दिसतं.

आत्ता कोणता कर्नल चालू आहे ते आधी टिपून ठेवा:

यूनेम -आर

गेल्या काही दिवसांत काय काय बदललं ते बघायचं असेल तर व्हार फोल्डर, त्यातलं लॉग, त्यातलं एपीटी, त्यात हिस्टरी नावाची लॉग फाईल आहे. तिच्यात तारखेनुसार सगळी पॅकेजं सापडतात. ‘लिनक्स-इमेज’ने सुरू होणारं नाव दिसलं तर कर्नल बदललाय.

आता मशीन रीस्टार्ट करा. कंपनीचं बोधचिन्ह दिसताच, नवीन लॅपटॉप असेल तर एस्केप दाबा, खूप जुना असेल तर शिफ्ट दाबून धरा. ग्रबचा, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येईल. एस्केप हळू टिचकी मारल्यासारखं एक-दोनदाच दाबायचं. घाईघाईत दाबत सुटलात तर मेनूऐवजी नुसता ‘ग्रब’ असं लिहिलेला काळा पडदा येतो. काही बिघडलेलं नाही, पॉवर बटणाने बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडा. कर्नलची यादी दिसेल, सर्वात नवा वर. प्रत्येकाच्या दोन ओळी असतात, एक साधी आणि एक ‘रिकव्हरी मोड’ची. रिकव्हरी घेऊ नका. खालच्या, म्हणजे जुन्या कर्नलची साधी ओळ निवडून एंटर. आत गेल्यावर यूनेम पुन्हा चालवून खात्री करा आणि मग नेहमीसारखं काम करा. मधूनमधून गोठणारा माऊस असेल तर लगेच निकाल लावू नका. अर्धा-एक तास वापरा, झाकण लावून उघडा, चार्जर लावून-काढून बघा.

सापळा: ही चाचणी होईपर्यंत ‘ऑटोरिमूव्ह’ ही कमांड चालवू नका. जागा मोकळी करण्याच्या सल्ल्यात ती हमखास असते आणि जुने कर्नल साफ करते. एकदा ते गेले की हा हुकमी एक्का हातातून गेला.

दुसरा सापळा कर्नल हाताने टाकणाऱ्यांसाठी. उबुंटूवर कर्नलसोबत ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ नावाचं पॅकेज लागतं, बरेच ड्रायव्हर त्यात असतात. ते राहिलं तर कधी वायफाय गायब, कधी आवाज गायब, असले प्रकार होतात.

यादीत एकच कर्नल असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, ‘ट्राय’ निवडा आणि माऊस तिथे चालतो का बघा. चालला तर हार्डवेअर धडधाकट आहे.

५. तुमचं टचपॅड कोणत्या वाटेने बोलतं ते शोधा

लॅपटॉपचं टचपॅड मशीनशी मुख्यतः दोन वाटांनी बोलतं. जुनी वाट पीएस/२, आयबीएमने १९८७ मध्ये आणलेली. नवी वाट आय२सी. ही तारांची पद्धत फिलिप्सची, १९८२ मधली, पण टचपॅडसाठी तिचा सर्रास वापर विंडोज ८ च्या काळापासून, म्हणजे २०१२ नंतर वाढला. काही टचपॅडना दोन्ही भाषा येतात आणि कोणती वापरायची ते कर्नल ठरवतो. कर्नल बदलला की हा निर्णयही बदलू शकतो, आणि ‘कालपर्यंत चालत होतं’ याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

टर्मिनलमध्ये कर्नलची डायरी उघडा:

सुडो डीमेसग

पहिलं अक्षर डी, मग एम, ई, एस, जी. यादी लांबलचक येते, म्हणून पुढे उभी रेघ देऊन ग्रेप -आय आणि शोधायचा शब्द लावा. आधी ‘पीएसमाउस’ (पीएस/२ वाटेचा ड्रायव्हर) शोधा, मग ‘आय२सी’, मग ‘सिनॅप्टिक्स’ आणि ‘एलान’. शेवटची दोन टचपॅड बनवणाऱ्या कंपन्यांची नावं आहेत.

काय दिसतंय त्यावरून:

पीएसमाउसच्या ओळीत ‘लॉस्ट सिंक’ आणि मागोमाग ‘इश्यूइंग रीकनेक्ट रिक्वेस्ट’ असं आलं तर टचपॅड आणि कर्नल यांचा संवाद मध्येच तुटतोय. अधूनमधून गोठणाऱ्या टचपॅडची ही ओळखीची खूण आहे.

सिनॅप्टिक्सच्या ओळीत ‘तुमचं टचपॅड वेगळ्या बसवर चालू शकतं, सिनॅप्टिक्स-इंटरटच १ करून बघा’ अशा अर्थाचं लांब इंग्रजी वाक्य दिसलं तर ते वाचून सोडू नका. कर्नल स्वतःच उपाय सुचवतोय. तो पायरी ७ मध्ये लागेल.

मशीन गोठून रीस्टार्ट करावं लागलं असेल तर आधीच्या वेळची डायरी बघायला:

जर्नलसीटीएल -के -बी -१

इथे के आणि बी ही रोमन अक्षरं आणि शेवटी उणे एक. गोठण्याच्या आधीच्या शेवटच्या ओळींचा फोटो काढून ठेवा.

बोट फिरवताना मशीनपर्यंत काही पोचतंय का, हे बघायला लिबइनपुट-टूल्स नावाचं पॅकेज टाका आणि चालवा:

सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स

टचपॅडवर बोट फिरवा. ओळी धावायला लागल्या आणि बाण तरीही जागचा हलत नसेल तर ड्रायव्हर ठीक आहे, गडबड डेस्कटॉपमध्ये आहे. एकही ओळ आली नाही तर गडबड खालच्या थरात किंवा हार्डवेअरमध्ये आहे. थांबवायला कंट्रोल सी. सगळ्यांत कमी वापरली जाणारी आणि सगळ्यांत जास्त सांगून जाणारी ही कमांड आहे.

सापळा: जुन्या लेखांत ‘एक्सइनपुट लिस्ट’ आणि ‘सिनक्लायंट’ चालवायला सांगतात. आजच्या उबुंटूचा डेस्कटॉप सहसा वेलँडवर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवायच्या नव्या पद्धतीवर, चालतो. तिथे एक्सइनपुट तुमच्या टचपॅडचं नावच दाखवत नाही, एक्सवेलँडचे (जुने प्रोग्राम वेलँडवर चालवणारा भाग) नकली माऊस दाखवतं, आणि नवखा माणूस ‘टचपॅड सापडतच नाही’ म्हणून घाबरतो. सिनक्लायंट तर जुन्या सिनॅप्टिक्स ड्रायव्हरसोबतचं. त्याची जागा लिबइनपुटने केव्हाच घेतली. लेख दहा वर्षं जुना असेल तर वाचायचंच नाही, असा नियम केलात तरी हरकत नाही.

६. ड्रायव्हर काढून पुन्हा घाला

फ्यूज काढून परत बसवावा तसला हा प्रकार. टचपॅड पीएस/२ वाटेवर असेल तर:

सुडो मॉडप्रोब -आर पीएसमाउस

सुडो मॉडप्रोब पीएसमाउस

आय२सी वाटेवर असेल तर पीएसमाउसच्या जागी आय२सी_एचआयडी_एसीपीआय घाला, मधल्या रेघा अंडरस्कोर. ‘बिल्टइन’ असं उत्तर आलं तर तो ड्रायव्हर तुमच्या कर्नलमध्ये पक्का बसवलेला आहे, काढता येणार नाही, पुढच्या पायरीवर जा.

टचपॅड लगेच जिवंत झालं आणि बिघाड फक्त झाकण उघडल्यावर येत असेल तर हे काम मशीनवरच सोपवता येतं. यूएसआर, लिब, सिस्टमडी, सिस्टम-स्लीप या क्रमाने फोल्डर उघडत गेलात की शेवटच्यात छोटी स्क्रिप्ट ठेवायची. झोपताना मशीन तिला ‘प्री’ हा शब्द देतं आणि उठताना ‘पोस्ट’. पोस्ट आला की वरच्या दोन कमांड चालवायच्या, इतकंच तिच्यात लिहायचं. स्क्रिप्टला चीमॉडने चालण्याची परवानगी द्यायची राहिली तर ती नुसती पडून राहते, एररही दिसत नाही. स्पेलिंग सी, एच, एम, ओ, डी आणि पुढे अधिक एक्स.

७. कर्नलला सुरुवातीलाच सूचना द्या

हे आधी तात्पुरतं करायचं. ग्रबच्या मेनूत नेहमीच्या ओळीवर थांबून ई दाबा. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्या शेवटी जागा सोडून सूचना लिहा आणि एफ१० दाबा. ही सूचना तेवढ्या वेळेपुरतीच टिकते. चुकलं तर रीस्टार्ट केलं की पुसलं जातं, म्हणून नवख्यांसाठी हीच वाट.

उपयोगी पडणाऱ्या सूचना, एका वेळी एकच:

- पीएसमाउस.सिनॅप्टिक्स_इंटरटच=० : सिनॅप्टिक्सचं टचपॅड नव्या वाटेवर अडखळत असेल तर त्याला जुन्या पीएस/२ वर ठेवते. डायरीत १ करा असं सुचवलेलं असेल तर शून्याऐवजी १.
- पीएसमाउस.एलानटेक_एसएमबस=० : हेच काम एलानच्या टचपॅडसाठी. स्पेलिंगमध्ये एलानटेकच्या शेवटी सी, एच.
- आय८०४२.नोमक्स=१ : पीएस/२ वाटेवरचं टचपॅड सापडत नसेल किंवा त्याचा संवाद तुटत असेल तर.

फरक पडला तर कायमचं करा. ईटीसी, त्यातलं डिफॉल्ट, त्यात ग्रब नावाची फाईल आहे. आधी तिची प्रत काढा, मग सुडो नॅनोने (टर्मिनलमधला साधा टेक्स्ट एडिटर) उघडा. ‘क्वाएट स्प्लॅश’ असे दोन शब्द असलेल्या ओळीत, अवतरण चिन्हाच्या आत सूचना जोडा. जतन करून चालवा:

सुडो अपडेट-ग्रब

अवतरण चिन्ह पुसलं गेलं तर इथे एरर येते. नीट वाचा, रीस्टार्ट करायची घाई नको.

बायोसमध्येही, म्हणजे लिनक्सच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, एक नजर टाका. एसरच्या काही लॅपटॉपवर टचपॅडसाठी ‘बेसिक’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ असे दोन पर्याय असतात. बेसिक म्हणजे पीएस/२, अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे आय२सी. सध्या जो असेल त्याऐवजी दुसरा निवडून बघायला काहीच खर्च नाही.

८. टचपॅड नाही, बाहेरचा माऊस गोठतोय

दोन-तीन सेकंद हात काढला की माऊस झोपतो आणि क्लिक केल्यावर जागा होतो, असं असेल तर यूएसबीची वीजबचत कारणीभूत आहे. पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रामचं ‘ऑटो-ट्यून’ बॅटरी वाचवण्याच्या नादात माऊसलाही झोपवतं. ते मशीन सुरू होताना आपोआप चालेल अशी व्यवस्था कधी केली असेल तर बंद करा. खात्री करायची असेल तर पायरी ७ च्या पद्धतीने तात्पुरती ही सूचना द्या: यूएसबीकोअर.ऑटोसस्पेंड=-१

वायरलेस माऊस अडखळत असेल तर रिसीव्हर निळ्या यूएसबी ३ पोर्टमधून, खास करून बाहेरच्या हार्डडिस्कच्या शेजारून हलवा. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. ब्लूटूथ माऊस असेल तर जोडी तोडून पुन्हा जोडा. आणि सेल बदलून बघा, हे सांगायला संकोच वाटतो पण सांगतो.

९. जुन्या कर्नलवर काही दिवस राहायचं असेल तर

नव्या कर्नलमध्येच दोष आहे असं ठरलं आणि सूचनांनी भागलं नाही, तर दुरुस्ती येईपर्यंत जुना वापरायला लाज नाही. मिंटवर अपडेट मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत लिनक्स कर्नल्सची खिडकी आहे, तिथून नको तो काढता येतो. सिस्टीमचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळच्या प्रती, ठेवणारं टाइमशिफ्ट मिंटसोबतच येतं. अपडेटआधीचा स्नॅपशॉट घेतलेला असेल तर त्यावर परत जाणं सगळ्यांत सोपं.

उबुंटूवर पायरी ७ मधल्या ग्रब फाईलची प्रत काढलेली नसेल तर आधी काढा, मग त्या फाईलमध्ये ग्रब-डिफॉल्टची किंमत ‘सेव्ह्ड’ करा आणि खाली ग्रब-सेव्हडिफॉल्ट ‘ट्रू’ अशी ओळ जोडा. दोन्ही नावं मोठ्या अक्षरांत, मध्ये अंडरस्कोर, किंमती लहान अक्षरांत. पुन्हा अपडेट-ग्रब. आता मेनूत शेवटी निवडलेला कर्नल मशीन लक्षात ठेवतं. जुना कर्नल साफसफाईत जाऊ नये म्हणून:

सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल

आणि पुढे त्या कर्नलच्या लिनक्स-इमेज, लिनक्स-मॉड्यूल्स आणि मॉड्यूल्स-एक्स्ट्रा या पॅकेजची नावं.

महिनोन्‌महिने मात्र असं राहू नका. जुन्या कर्नलला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. याच लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करत असाल तर आणखीच लक्ष ठेवा.

१०. तक्रार नोंदवा

हे काम बहुतेक जण टाळतात आणि म्हणून दोष लांबतात. बिघाड येणाऱ्या नव्या कर्नलवर जाऊन टर्मिनलमध्ये ‘उबुंटू-बग लिनक्स’ चालवा. लागणारी बरीच माहिती तेच गोळा करतं. तुम्ही एवढं जोडा: लॅपटॉपचं नेमकं मॉडेल, कोणत्या कर्नलवर चालतं आणि कोणत्यावर नाही, डायरीतल्या संबंधित ओळी, आणि गोठतो नेमका केव्हा. ‘माऊस चालत नाही, मदत करा’ यावर कोणी काही करू शकत नाही. ‘या कर्नलवर चालतो, त्याच्या पुढच्यावर झाकण उघडल्यावर गोठतो, पीएसमाउस पुन्हा घातल्यावर सुरू होतो’ यावर करू शकतं. मोडकंतोडकं इंग्रजी चालतं, आकडे आणि नावं अचूक हवीत.

पुढचा कर्नल आला की ग्रबच्या मेनूतून तो एकदा निवडून तपासा. सेव्ह्ड केलेलं असल्यामुळे तो आपोआप सुरू होणार नाही. झाकण लावून-उघडून, चार्जर काढून-लावून, दिवसभर वापरून टिकला तर ग्रबच्या फाईलची काढून ठेवलेली प्रत परत जागेवर ठेवा आणि अपडेट-ग्रब चालवा.